फीचर मागितलं, म्हणून द्यायचं का?

वाचकांचे प्रश्न : प्रॉडक्ट मॅनेजमेंट

सॉफ्टवेअर आणि ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांची पत्रं या सदरासाठी आली. त्यांतले आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत.

कोल्हापूरहून : आम्ही फाउंड्रींसाठी (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांसाठी) सॉफ्टवेअर बनवतो. एकूण ३८ ग्राहक आहेत, पण ३५ टक्के उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येतं. नाकारलेल्या कास्टिंगसाठी त्यांना तीन पातळ्यांच्या मंजुरीचा स्क्रीन हवा आहे. चार इंजिनिअरना तीन महिने लागतील. विक्री विभाग म्हणतो, हो म्हणून टाका, नाहीतर ग्राहक हातचा जाईल. काय करावं?

अंदाजपत्रक काढण्याआधी त्या फाउंड्रीत एक दिवस जाऊन बसा. ग्राहक बहुतेक वेळा आपल्यापुढे तोडगा ठेवतो आणि अडचण त्याच्याकडेच राहते. तीन पातळ्यांची मंजुरी हा त्यांनी काढलेला तोडगा आहे. 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं तर तोच तोडगा पुन्हा ऐकू येईल. त्याऐवजी विचारा : गेल्या तीन महिन्यांत हे नेमकं कधी अडलं? त्या दिवशी पाळीवर कोण होतं, कुठला कागद कुणाकडे गेला, शेवटी किती रुपयांचा फटका बसला? प्रत्यक्ष घडलेले तीन प्रसंग हातात आल्याशिवाय उठू नका. क्वालिटीचा माणूस, डिस्पॅचचा माणूस आणि मालक यांना वेगवेगळं गाठा, कारण स्क्रीन मागणारा एक असतो आणि रोज वापरणारा दुसराच.

समजा, तीनपैकी दोन प्रसंगांत असं निघालं : स्पेक्ट्रोमीटरच्या रिपोर्टमध्ये धातूतल्या घटकांचं प्रमाण बसलं नव्हतं, त्या हीटची (भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूची) कास्टिंग बाजूला ठेवायला सांगितली होती, पण डिस्पॅचपर्यंत निरोप पोचला नाही आणि माल गाडीत चढला. मग गरज एवढीच आहे की अडवलेल्या हीट नंबरचं चलन (माल पाठवतानाचा कागद) निघता कामा नये. त्यासाठी हीट नंबरला 'अडवला' किंवा 'सोडला' अशी एक स्थिती लागेल, ती बदलण्याचा अधिकार क्वालिटीकडे लागेल आणि चलन बनताना एक तपासणी लागेल. दोन इंजिनिअरचं हे साधारण तीन आठवड्यांचं काम आहे आणि ते बाकीच्या ३७ जणांनाही देता येईल. तीन सह्यांच्या स्क्रीनने उलट घोळ वाढायची भीती आहे. रात्रपाळीला तिसरी सही करणारा हजर नसतो. मग पासवर्ड वाटले जातात आणि थोड्याच दिवसांत सगळ्या मंजुऱ्या एकाच लॉगिनवरून व्हायला लागतात.

दुसरीही शक्यता आहे. त्यांचा माल घेणारी वाहन कंपनी ऑडिटमध्ये तीन सह्या मागत असेल, तर मागणी खरी आहे. अशा वेळी बाकीच्या ग्राहकांपैकी निदान दहा जणांना फोन करा आणि त्यांच्या ऑडिटमध्ये काय विचारतात ते जाणून घ्या. दहापैकी पाच-सहा जणांकडे तसंच काही निघालं, तर ते तुमच्या मूळ प्रॉडक्टमध्ये यायला हवं. फक्त याच ग्राहकाकडे निघालं, तर आधी बघा की सेटिंग बदलून किंवा एपीआयने (दोन सॉफ्टवेअरमधल्या जोडणीने) माहिती बाहेर देऊन भागतंय का. त्यानेही भागत नसेल, तरच स्वतंत्र पैसे घेऊन काम करा. कामाचा आकार, दरवर्षीची देखभाल आणि कोडची मालकी तुमच्याकडेच राहील हे कलम, तिन्ही गोष्टी करारात वेगवेगळ्या लिहा.

हिशेब मांडताना १२ इंजिनिअर-महिन्यांवर (चार जण, तीन महिने) थांबू नका. देखभालीला दरवर्षी मूळ खर्चाचा पाचवा भाग धरला, तर तीन वर्षांत १२ चे १९ होतात. आणि एका ग्राहकासाठी कोडची वेगळी ब्रँच, म्हणजे स्वतंत्र चालणारी प्रत, कधीही काढू नका. पहिले तीन महिने ते सोपं वाटतं. त्यानंतर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते, प्रत्येक टेस्टिंग दोनदा होतं, आणि ज्या इंजिनिअरला ती ब्रँच कळते तो नोकरी सोडतो तेव्हा सगळं अडकतं. वेगळं वागणं हवंच असेल तर एकाच कोडमध्ये ग्राहकागणिक चालू-बंद करता येणारा फीचर फ्लॅग ठेवा, आणि तो कधी काढायचा त्याची तारीखही लिहून ठेवा.

विक्री विभागाला आणि ग्राहकाला कोरडा नकार देऊ नका. असं सांगता येईल : "साहेब, नाकारलेला माल बाहेर जाऊ नये, ही तुमची अडचण आम्ही पाहिली. त्याचा बंदोबस्त तीन आठवड्यांत करतो. तो दोन महिने वापरून पाहू. त्यानंतरही सह्यांची गरज उरली, तर त्याचा वेगळा खर्च घेऊन बसू." यात तारीख आहे आणि पुन्हा बोलण्याचं ठिकाणही आहे.

३५ टक्के उत्पन्न एकाकडे असणं हा मात्र फीचरचा प्रश्न नाही. तो मालकांपुढे एका पानावर मांडा : हा ग्राहक गेला तर पगार किती महिने निघतील, आणि पुढच्या १८ महिन्यांत त्याचा वाटा २० टक्क्यांवर आणायचा तर किती नवे ग्राहक, कुठल्या आकाराचे लागतील. जोवर हे ठरत नाही, तोवर तुमचा रोडमॅप, म्हणजे पुढच्या कामांचा आराखडा, तोच ग्राहक लिहीत राहणार.

ठाण्याहून : पैसे भरण्याच्या पानावर आम्ही बटणाची जागा बदलून ए/बी टेस्ट केली, म्हणजे निम्म्या लोकांना जुनं आणि निम्म्यांना नवं पान दाखवलं. त्या पानावर रोज साधारण १,२०० नवे लोक येतात आणि २० टक्के पैसे भरतात. तिसऱ्या दिवशी टूलने नवं पान जिंकल्याचं दाखवलं, म्हणून ते सर्वांना दिलं. महिना झाला, आकडा जागचा हलला नाही. टूल चुकलं का?

टूल बरोबर असू शकतं. टेस्ट फार लवकर थांबली. किती लोक लागतील याचा अंदाज कागदावर काढता येतो. सध्याचं प्रमाण गुणिले एक वजा ते प्रमाण. त्याला १६ ने गुणा. आणि जेवढा फरक पकडायचा आहे त्याच्या वर्गाने भागा. येणारी संख्या प्रत्येक गटाची. ही मोजणी नेहमीच्या निकषांसाठी आहे : ५ टक्के खोट्या विजयाची (फरक नसताना तो दिसण्याची) मुभा आणि खरा फरक असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता.

तुमच्या आकड्यांनी ०.२० गुणिले ०.८० म्हणजे ०.१६, त्याला १६ ने गुणून २.५६. २० वरून २२ टक्के, म्हणजे दोन अंकांचा फरक पकडायचा तर ०.०२ चा वर्ग ०.०००४. भागाकार ६,४००. दोन गट मिळून १२,८०० लोक, म्हणजे रोज १,२०० ने ११ दिवस. आठवड्याचे सगळे वार सारखे मोजले जावेत म्हणून पूर्ण १४ दिवस चालवा. एकाच अंकाचा फरक पकडायचा असेल, तर संख्या चौपट होते : प्रत्येक गटात २५,६००, एकूण ५१,२००, म्हणजे ४३ दिवस.

तीन दिवसांत तुमच्याकडे प्रत्येक गटात १,८०० लोक होते. एवढ्यांत जवळजवळ ३.८ अंकांचा फरकच भरवशाने पकडता येतो. बटण थोडं वर सरकवून एवढा फरक क्वचितच पडतो. त्यामुळे इतक्या कमी लोकांत जे 'जिंकलं' म्हणून दिसतं, ते बहुतेक वेळा योगायोगाने फुगलेलं असतं. त्यातून रोज डोकावून पाहिलं आणि जिंकल्याचं दिसताच थांबवलं, तर चूक आणखी वाढते. ठरलेली खोट्या विजयाची मुभा ५ टक्के असते. पाच वेळा डोकावलं तर ती १४ टक्क्यांच्या आसपास जाते, दहा वेळा डोकावलं तर १९ टक्क्यांच्या. रोज पाहायचंच असेल, तर क्रमवार तपासणीसाठी बनवलेली पद्धत टूलमध्ये निवडा. तिच्यात ही भर धरलेली असते.

टेस्ट सुरू करण्याआधी चार ओळी लिहून सगळ्यांना पाठवा : कुठला एक आकडा पाहणार, निदान किती फरक पडला तर बदल ठेवणार, किती दिवस चालवणार आणि कुठल्या आकड्याला धक्का लागला तर थांबवणार. पैसे भरण्याच्या पानावर हा शेवटचा आकडा म्हणजे फसलेले व्यवहार आणि परतावे. आधी लिहिलेलं नसलं, तर निकाल आल्यावर दहा आकड्यांतला एखादा वर गेलेला सापडतोच आणि तोच विजय म्हणून मिरवला जातो.

निकाल उघडण्याआधी दोन्ही गटांतली माणसं मोजा. निम्मी-निम्मी वाटणी ठरली असताना एकीकडे १,९५० आणि दुसरीकडे १,६५० निघाले, तर तो योगायोग नव्हे. निकाल बाजूला ठेवा आणि कारण शोधा. नवं पान हळू उघडत असेल, तर नोंद व्हायच्या आत लोक निघून जातात. उरतात ते चिकाटीचे, आणि त्यांचं पैसे भरण्याचं प्रमाण आपोआप जास्त दिसतं. वाटणी माणसागणिक होते की भेटीगणिक, हेही तपासा. भेटीगणिक असेल, तर एकाच माणसाला सकाळी जुनं आणि संध्याकाळी नवं पान दिसतं आणि दोन्ही गट एकमेकांत मिसळतात.

हैदराबादहून : कामांचा क्रम लावायला आम्ही राइस पद्धत वापरतो, तरीही भांडणं होतात.

राइसमध्ये किती लोकांपर्यंत पोचेल, परिणाम किती आणि खात्री किती यांचा गुणाकार करून मेहनतीने भागतात. गोची भागाकारात आहे. एक काम : २,००० लोक, परिणाम १, खात्री ८० टक्के, मेहनत २ महिने, गुण ८००. दुसरं : ५०० लोक, परिणाम २, खात्री ५० टक्के, मेहनत अर्धा महिना, गुण १,०००. दुसरं वर आलं. आता त्या अर्ध्या महिन्याचा एक महिना झाला (सॉफ्टवेअरमध्ये असं होतंच), तर गुण ५०० वर येतात आणि क्रम उलटतो. म्हणून बाकीची कामं तशीच ठेवून एकेका कामाची मेहनत दुप्पट करून पाहा. क्रम तरीही टिकला, तर भांडण्यासारखं काही नाही. क्रम उलटत असेल, तर ती दोन कामं सारखीच धरा आणि कंपनीला या वर्षी काय साधायचं आहे त्यावरून निवड करा. आणि खात्रीच्या रकान्यात १०० टक्के लिहिणाऱ्याला पुरावा मागा.

नाशिकहून : आमच्या ॲपमध्ये शेतकऱ्यांना फवारणी आणि खतांचा सल्ला मिळतो. ५०,००० डाउनलोड झाले आहेत. गुंतवणूकदार रोजच्या वापरकर्त्यांचा आकडा मागतात आणि तो घसरत चालला आहे. प्रॉडक्ट खराब आहे की मोजमाप?

मोजमापापासून सुरुवात करा, कारण सध्या जे मोजताय त्यावरून प्रॉडक्ट चांगलं की वाईट ते कळूच शकत नाही. सोयाबीनचं पीक साधारण १०० दिवसांचं असतं. तो शेतकरी नोव्हेंबरात ॲप उघडत नाही, यात ॲपचा दोष नाही. द्राक्षवाल्याची गोष्ट वेगळी. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असे त्याच्या वर्षाचे दोन भाग पडतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांच्या भीतीने, विशेषतः ढगाळ हवेत, तो दिवसातून दोनदाही ॲप पाहील. या दोघांची सरासरी काढली, तर मिळणारा आकडा दोघांपैकी कुणाचाच नसतो.

वापरकर्ते पिकागणिक वेगळे करा. मग प्रत्येक पिकात एकाच आठवड्यात आलेल्यांचा एक जथा धरा आणि त्याचा माग काढा. उदाहरणार्थ, जूनच्या पहिल्या आठवड्यात १,००० जण आले. पहिल्या आठवड्यात ४२० जणांनी काम केलं, चौथ्यात २१०, आठव्यात १९०, बाराव्यात १८५. ही रेषा खाली येऊन सपाट झाली. म्हणजे पाचातल्या एका शेतकऱ्याला ॲपचा खरा उपयोग होतो आहे. आता पुढचं काम म्हणजे ते १८५ कोण आहेत, त्यांच्याकडे ठिबक आहे का, कुठल्या तालुक्यातले आहेत, त्यांना ॲप कुणी दाखवलं हे शोधणं आणि तसेच आणखी मिळवणं. पण रेषा २१०, ९०, ३०, ८ अशी शून्याकडे जात असेल, तर जाहिरातीचा खर्च आजच थांबवा. नवे डाउनलोड जाणाऱ्यांची जागा भरत राहतात आणि एकूण आकडा बरा दिसतो. जाहिरात थांबते त्याच दिवशी खरं चित्र समोर येतं.

'काम केलं' म्हणजे काय, हे कडक ठरवा. नोटिफिकेशनवर बोट लागून ॲप उघडलं, तर ते मोजू नका. सल्ला वाचला आणि फवारणीची नोंद केली, हे मोजा. नाहीतर तुमचीच माणसं आकडा वाढवायला रोज पाच नोटिफिकेशन पाठवतील, शेतकरी त्या बंद करतील आणि गारपिटीचा इशाराही त्याच्यापर्यंत पोचणार नाही. हे नुकसान भरून काढता येत नाही, कारण एकदा बंद केलेली नोटिफिकेशन फार थोडे लोक पुन्हा चालू करतात.

गावाकडचं मोजताना आणखी काही गोष्टी आड येतात. ॲप मुलाच्या फोनवर असतं आणि फवारणी वडील करतात. फोनची जागा भरली की ॲप काढलं जातं आणि गरजेला पुन्हा टाकलं जातं. तुमच्या यादीत तो नवा माणूस म्हणून येतो. सल्ल्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या गटात फिरतो आणि चाळीस जण तो ॲप न उघडता वाचतात. नोंदणी मोबाइल नंबरावर बांधा, म्हणजे पुन्हा टाकलेलं ॲप ओळखता येईल. सल्ल्याच्या पानावर 'पाठवा' हे बटण द्या, म्हणजे फिरणारा सल्लाही निदान मोजला जाईल.

गुंतवणूकदारांना दोन आकडे द्या : हंगामात निदान चार वेळा नोंद करणारे शेतकरी, आणि गेल्या वर्षी त्याच पिकाच्या हंगामात वापरणाऱ्यांपैकी या वर्षी परतलेले. शेतीच्या धंद्यात दुसरा आकडा सगळ्यांत प्रामाणिक. तो कळायला वर्ष लागतं, हे त्यांना पहिल्याच बैठकीत सांगा.

पुण्याहून : आमच्या ॲपची वर्गणी महिना १९९ रुपये आहे. दर महिन्याला १०,००० पैकी ९०० ग्राहक गळतात. त्यांना थांबवायला नवीन फीचर द्यावीत असं वरिष्ठांचं म्हणणं आहे.

आधी त्या ९०० जणांची दोन ढिगांत वाटणी करा : ज्यांनी स्वतः 'रद्द करा' दाबलं ते, आणि ज्यांचे पैसे कापले गेले नाहीत म्हणून गळले ते. दुसरा ढीग मोठा निघाला, तर नव्या फीचरने काहीच हलणार नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायला ग्राहकाने दिलेल्या परवानगीच्या) नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ग्राहकाची जादा पडताळणी लागते. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन किंवा ओटीपी न मागता कापता येते (ही मर्यादा जून २०२२ पर्यंत ५,००० होती), पण निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. ती सूचना वाचून काही जण मँडेट थांबवतात. हे गळणं खरं आहे, ते पहिल्या ढिगात मोजा. उरलेल्यांची कारणं बँकेच्या उत्तराच्या कोडमध्ये सापडतात : खात्यात शिल्लक नाही, कार्डाची मुदत संपली, बँकेने नवं कार्ड दिलं, बँकेची यंत्रणा बंद होती.

शिल्लक नसणाऱ्यांसाठी वजावटीची तारीख बदलून पाहा. २५ तारखेला १९९ रुपये नसलेल्या खात्यात ३ तारखेला पगार असतो. ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेच्या वजावटी गर्दीच्या वेळा टाळून चालतात आणि एका वजावटीला पहिला प्रयत्न धरून चारच प्रयत्न मिळतात. म्हणून ते एकाच दिवशी उडवू नका, तीन-चार दिवसांत पसरवा. वजावट फसल्या क्षणी सेवा बंद करू नका. पाच-सात दिवसांची मुदत द्या आणि ॲपमध्येच यूपीआयने पैसे भरायचं बटण ठेवा. ग्राहकाने तिथून पैसे भरले की बाकीचे प्रयत्न लगेच रद्द झाले पाहिजेत. ही साखळी तुटली तर १९९ रुपये दोनदा कापले जातात आणि तो ग्राहक कायमचा जातो.

मँडेटची कमाल रक्कम हा बारीक पण महागात पडणारा मुद्दा आहे. ती बरोबर १९९ ठेवली, तर वर्षभराने भाव २२९ केल्यावर प्रत्येकाकडून नवी नोंदणी घ्यावी लागेल, आणि त्यात बरेच जण गळतील. ती ५,००० ठेवली, तर यूपीआयच्या स्क्रीनवर तो आकडा पाहून माणूस नोंदणीच सोडून देतो. २९९ च्या आसपास ठेवा आणि 'दरमहा १९९ रुपयेच कापले जातील' हे त्याआधीच्या पानावर ठळक लिहा.

मुंबईहून : वर्गणी रद्द करायचं बटण चार पानं आत लपवायला सांगितलं आहे. मी विरोध कशाच्या आधारावर करू?

कायद्याच्या आधारावर करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नबाबत (ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांबाबत) मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नावानिशी दिले आहेत आणि वर्गणीचा सापळा, म्हणजे रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, हा त्यांतला एक. वरिष्ठांना लेखी विचारा, की हे चालेल असं विधी विभागाने कळवलं आहे का. शिवाय यूपीआय ॲपमधून मँडेट बंद करायची सोय ग्राहकाकडे असतेच. तुमचं बटण सापडलं नाही तर तो तिथून जाईल, आणि का गेला हे विचारायची संधीही तुम्ही गमवाल.

पुण्याहून : सहा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं आहे. प्रॉडक्ट ओनर, प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांत फरक काय? कोर्स करू का?

प्रोजेक्ट मॅनेजर ठरलेलं काम ठरल्या तारखेला आणि ठरल्या खर्चात पूर्ण करून घेतो. प्रॉडक्ट ओनर ही स्क्रममधली, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीतली, भूमिका. बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, क्रम त्याच्या हातात असतो. प्रॉडक्ट मॅनेजर काय करायचं आणि का करायचं हे ठरवतो आणि वापर, उत्पन्न, गळती यांचा जाब देतो. सेवा देणाऱ्या कंपन्यांत प्रॉडक्ट ओनर म्हणवणारा पुष्कळदा परदेशी ग्राहकाचे निरोप टीमपर्यंत पोचवत असतो. नोकरी बदलताना पदापेक्षा एकच विचारा : कुठलं काम करायचं नाही, हे ठरवायचा अधिकार मला असेल का?

कोर्सआधी हे करा. तुमच्या प्रॉडक्टच्या सपोर्टकडे आलेल्या शेवटच्या २०० तक्रारी वाचून कारणांप्रमाणे गट पाडा. सगळ्यांत मोठ्या गटावर दोन पानं लिहा : अडचण कुणाची, किती वेळा येते, सध्या लोक काय जुगाड करतात, तीन पर्याय कुठले, त्यांतला कुठला आणि का, यश कशाने मोजणार, आणि या कामात काय धरलेलं नाही. ते तुमच्या प्रॉडक्ट मॅनेजरला दाखवा आणि त्यातलं एक छोटं काम मागून घ्या. सवलतीचं कूपन लावल्यावर परतावा किती द्यायचा, पैसे कापले गेल्यावर नेटवर्क गेलं तर काय दाखवायचं, या कडेच्या गोष्टी टेस्टिंगवाल्याला आधी सुचतात. नव्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या लिखाणात नेमक्या त्याच राहून जातात. कमतरता असेल ती एसक्यूएलची (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची) आणि भावाच्या हिशेबाची. एसक्यूएलमध्ये दोन तक्ते जोडून महिन्यागणिक मोजणी करता येईल, एवढी तयारी दोन महिन्यांत होते.

छत्रपती संभाजीनगरहून : आमचं ॲप मराठीत आणायचं आहे. भाषांतराच्या खर्चाखेरीज काय धरावं?

एसएमएस धरा. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी आली की ७० ची मर्यादा लागते, आणि त्याहून मोठा झाला तर प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. मोजताना काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं : 'तुमची' पाच, 'ज्ञानेश्वर' दहा. त्यामुळे इंग्रजीत एका तुकड्यात बसणारा मजकूर मराठीत तीन तुकड्यांचा होऊ शकतो आणि मग तिप्पट पैसे पडतात. इंग्रजी संदेशातही ₹ हे चिन्ह घातलं की मर्यादा ७० वर येते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आणि प्रत्येक मराठी साचा डीएलटीवर (एसएमएसचे साचे नोंदवायच्या टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणेवर) वेगळा नोंदवावा लागतो. तो वेळ वेळापत्रकात आधीच दाखवा, नाहीतर ॲप तयार आणि ओटीपी अडकलेला, अशी स्थिती होते.

स्क्रीनवर ओळीची उंची वाढवा. इंग्रजीसाठी बसवलेल्या बटणात 'र्की'ची रफार वरून कापली जाते आणि 'द्रू'चा ऊकार खालून. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा हिंदी राहिली तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. भाषा मराठी अशी नोंदवा आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत का ते तपासा.

वाक्यं तुकड्यांनी जोडू नका. इंग्रजीत क्रियापद तसंच ठेवून वस्तूचं नाव बदललं तरी चालतं. मराठीत ऑर्डर रद्द केली, व्यवहार रद्द केला, तिकीट रद्द केलं. प्रोग्रामरला एकच साचा दिला, तर तीनपैकी दोन ठिकाणी भाषा मोडेल. प्रत्येक वाक्य पूर्ण लिहून द्या आणि भाषांतर करणाऱ्याला फाइलबरोबर स्क्रीनचं चित्रही द्या.

सर्च हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. माणूस कांदा शोधताना देवनागरीत लिहील, रोमन लिपीत लिहील किंवा इंग्रजी नाव टाकेल. तिन्हींचा निकाल एकच यायला हवा. 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्या युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो आणि कीबोर्डागणिक तो बदलतो. डोळ्यांना शब्द सारखा दिसतो, पण मशीनला वेगळा वाटतो आणि 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणा. मराठी सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे रिकाम्या हाती परतलेले शोध रोज सकाळी वाचा. त्या यादीतले पहिले ५० शब्द दुरुस्त केले, की पुढच्या आठवड्याचं काम ती यादीच दाखवते.